अक्काला खाली घेतलं

कापसाच्या गाड्यांत हात घालण्यात माझी अर्धी हयात गेली. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये मी ग्रेडर होतो. गाडी आली की कापूस कोणत्या दर्जाचा ते मी ठरवायचो, आणि त्या वर्षांत माझ्याइतक्या शिव्या खाणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. बोंडअळी, लाल्या, अवेळी पाऊस, पडलेला भाव, सगळ्यांचा राग शेवटी माझ्या हातावर निघायचा. पण माझाही इलाज नव्हता. गाडीतला वरचा थर नेहमी पांढराशुभ्र असतो. कोपरापर्यंत हात आत गेला की खरं कळतं. आत ओल असते, किडका कवडी कापूस असतो, कधी चक्क दगड निघतो. मग मी आतली सरकी काढून दाताखाली धरायचो. कोरडी सरकी कट्‌ वाजते, ओली मुकाट दबते. "वाळेल हाये साहेब, मायची आन," असं म्हणणारा जितका गोड बोलायचा, तितका माझा हात खोल जायचा. घरी आलो म्हणून हा स्वभाव सुटत नव्हता. भाजीवालीकडे मी टोपलीच्या तळचं वांगं मागायचो. बायको म्हणायची, "तुमी देवाच्या परसादातबी बोट खुपसून पाहान."

असा मी, माझ्या बहिणीला शेवटच्या दिवसांत कुठं ठेवावं याचा शोध घेत होतो.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. तिला मूल नव्हतं. नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर तिनं हैदराबाद रोडला खानावळ टाकली. तिच्या पिठल्यासाठी ड्रायव्हर लोक गाड्या थांबवत आणि तिच्या जिभेला भिऊन ताटात काही टाकत नसत. पिशवीचा कॅन्सर निघाला तेव्हा ती हसली होती. म्हणाली, "जिले कधी काम पडलं नाई, तीच पिशवी मारून राह्यली मले." नागपूरला विजेचे शेक झाले, सुया झाल्या, आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा. तोवर रोग कमरेच्या हाडात उतरला होता. घरी आणल्यावर ती ओरडायला लागली. आयुष्यात कधी 'हाय' न म्हणालेली बाई कुशीवर वळवलं की गुरासारखी ओरडायची, आणि मी अंगणात जाऊन कानात बोटं घालून बसायचो. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मेडिकलवाला म्हणाला, यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याच्या बाजूला एक घर आहे. बरे न होणारे रुग्ण तिथं ठेवून घेतात, दुखणं कमी करतात, पैसे घेत नाहीत. या तिन्हींतली एकही गोष्ट माझ्या घशाखाली उतरली नाही. बरा न होणारा माणूस ठेवून घेण्यात कोणाचा काय फायदा? नागपूरला जे दुखणं आवरलं नाही ते इथं कोण आवरणार? आणि फुकट? फुकटात तर आमच्याकडे बंद पडलेल्या जीपला कोणी धक्काही देत नाही. चौकात आणखी वेगळंच बोलत होते. तिथं म्हणे मेल्यावर डोळे काढून घेतात. ऑटोवाला म्हणाला, "तिथं गेलेला माणूस आपल्या पायानं वापस येत नाई भाऊ." जो उठूनच बसू शकत नाही तो पायानं कसा परत येईल, हे त्याला विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

मी न कळवता गेलो. कळवून गेलं की वरचा थर पाहायला मिळतो. पुढच्या दारानं न जाता मागून शिरलो, आधी मोरी पाहिली, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकीण म्हणाली, "कोण पाह्यजे?" मी म्हटलं, पाणी पाहिजे. पाणी पिता पिता माठाचा तळ पाहून घेतला. आत एक लांब खोली होती, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. फिनाईलचा वास फारसा नव्हता, म्हणून मी थोडा बिचकलो. फिनाईलचा वास भरपूर असला की काहीतरी झाकलंय हे कळतं. इथं तो धागाही मिळेना. एक म्हातारा डोळे मिटून पडला होता. मी हळूच त्याच्या गादीखाली हात घातला.

"काय शोधून राह्यला बा?" म्हातारा डोळे न उघडता म्हणाला.

"ओल," मी म्हटलं.

"सकाळी होती. बदलली त्यायनं."

मग माझ्या लक्षात आलं की अख्ख्या खोलीत सलाईनची एकही बाटली टांगलेली नव्हती. आमच्याकडे दवाखाना म्हणजे सलाईन. साधा ताप आला तरी माणूस म्हणतो, एक बाटल लावून द्या डॉक्टर, म्हणजे बरं वाटेल. बाटली नाही, नळी नाही, मग हे लोक दिवसभर करतात तरी काय? मी मनाशी म्हटलं, सापडला दगड.

संस्थेचे प्रमुख भेटले. पांढरे कपडे, मऊ आवाज. सलाईनचं विचारलं तर म्हणाले, "गरज असेल तेव्हा देतो ना. तुम्ही अगदी निश्चिंत राहा." निश्चिंत राहा म्हणणाऱ्याची गाडी मी नेहमी पूर्ण उपसायला लावायचो. त्यांच्या शेजारी एक नर्स उभी होती, सांगलीकडची, बोलायला तुटक. तिनं मला गोड काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "सगळं पाहून झालं का? पेशंट कुठंय? त्यांना कधी दाखवणार?"

मला राग आला. पण घरी गेलो तेव्हा अक्काचं ओरडणं गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी भाड्याची ट्रॅक्स जीप ठरवली.

वाटेत ट्रॅक्सच्या मागच्या बाकावर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्डा आला की ती माझा गुडघा आवळायची. मोहद्याच्या पुढं जरा बरा रस्ता लागल्यावर ती म्हणाली, "तिथं खाट लोखंडी हाये का?"

"हाये."

"मंग आयक. माया जीव खाटेवर नको जाऊ देजो. टाइम आला का भुईवर घेजो. कोनाचं आयकजो नको."

आमच्यात माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर, घोंगडीवर निजवतात. खाटेवर गेलेला जीव अधांतरी राहतो म्हणतात. माझे भाऊजी नागपूरच्या दवाखान्यात खाटेवर गेले. तिथं कोणी घेऊ दिलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं अक्का म्हणायची, तुया भाऊजीले अजून जागा नाई भेटली. मी तिला हात देऊन म्हटलं, घेतो. जगात मला दुसरं कोणाचं काही देणं नव्हतं, एवढं एकच होतं.

म्हणून पोचल्या पोचल्या प्रमुखांना विचारलं, वेळ आली की आम्ही तिला भुईवर घेणार, चालेल का? ते लगेच म्हणाले, "हो हो, जशी तुमची पद्धत. आम्ही सगळं करू देतो." इतका लवकर होकार आला की मला तो पोकळ वाटला. नर्स म्हणाली, "ठीक आहे. पण मी त्यांनाही विचारून ठेवते."

"मी सांगून राह्यलो ना," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंत. ते तुमचं झालं."

ही बाई आपल्याला जड जाणार हे मला त्याच वेळी कळलं.

पहिल्या दिवशी तिनं अक्काला द्यायला एक पांढरी गोळी आणली. मी विचारलं कशाची. ती म्हणाली मॉर्फिन. अफूपासूनच काढतात, तिनं हेही लपवलं नाही. मी गोळी तिच्या हातातून घेतली आणि सवयीनं दाताखाली धरली. तिनं माझं मनगट पकडलं. म्हणाली, "भाऊ, हे तुमच्यासाठी नाही. आणि ही काही सरकी नाही." माझा धंदा तिला कोणी सांगितला, म्हणून मी वळून अक्काकडे पाहिलं. अक्का एवढ्या दुखण्यातही हसत होती.

त्या रात्रीपासून ओरडणं थांबलं. मला आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, घरी जाताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून रडलो. पण दोन दिवसांनी परत गेलो तर ती भरदुपारी झोपलेली, आणि माझ्या मनात आलं, हे तर गुंगीत ठेवतात. ओरडणारा माणूस नको, कटकट नको, अफू द्या आणि पांघरूण ओढा. आमच्याकडे कापसाच्या हंगामात बाया लेकराला अफूची बोटं चाटवून शेताच्या धुऱ्यावर निजवत असत, ते मी लहानपणी पाहिलं होतं. मी तिला हलवून उठवलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "काय हाये बे? महिन्यातून पहिल्यांदा झोप लागली, तेबी पाह्यवत नाई का तुले?" नर्स म्हणाली होती की दोन-चार दिवसांत झोप उतरेल. ती उतरली. त्यानंतरच्या खेपेला अक्का उशीला टेकून बसली होती आणि स्वयंपाकिणीला बोलावून पिठल्यात गोळे का होतात यावर तिची खरडपट्टी काढत होती.

तरी मी तपासणी सोडली नाही. जिनिंगमधून जमेल तेव्हा निघायचो, कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, एकदाही कळवून नाही. गेलो की पडून पडून जखम झाली का म्हणून आधी अक्काच्या टाचा पाहायचो, मग पाठ. पडून राहिलेल्या माणसाची पाठ खोटं बोलत नाही. दुसऱ्या खाटांवरच्या लोकांना विचारायचो, घंटी वाजवली तर येतात का, जेवण ऊन असतं का, रागावतात का. लोकांनी मला सरकारी इन्स्पेक्टर ठरवलं होतं. एक बाई तर मला आपल्या निराधार योजनेचं रखडलेलं प्रकरण सांगू लागली. अक्का कपाळाला हात लावायची. "तू काय इथं कापूस घ्याले आला का? बस ना जराकसा मायापाशी." मी बसायचो, पण नजर खोलीभर फिरत राहायची.

आणि एक दिवस मला आतला थर सापडलाच. गेलो तर सगळ्या खाटांवर नव्या कोऱ्या निळ्या चादरी, खिडकीत फुलं, रुग्णांच्या अंगावर धुतलेली पांघरुणं. पुण्याकडचे देणगीदार येऊन गेले होते. मी मुद्दाम दाराआड थांबलो. गाडी फाटकाबाहेर गेली आणि अर्ध्या तासात चादरी काढून, घड्या घालून पेटीत गेल्या. जुन्या परत आल्या. मी नर्सला गाठलं. इतका जोर मला पंधरा क्विंटलची ओली गाडी पकडल्यावरही आला नव्हता.

"हे काय चाललंय?"

"सर असं करतात," ती म्हणाली. "मला आवडत नाही. मी त्यांना सांगितलंय. जुन्या चादरी धुतलेल्या आहेत, हात लावून बघा."

मी हात लावला. धुतलेल्या होत्या. भांडायला गेलेल्या माणसाचं समोरच्यानं आधीच ऐकून घेतलं की त्याची जी गत होते ती माझी झाली. घरी जाताना मी विचार करत होतो, ही बाई इतक्या सहज कबूल का झाली? लहान खोट पुढं करून मोठी लपवायची, ही चाल शेतकरी नाही खेळत, पण व्यापारी खेळतात.

पौषात एका दुपारी जिनिंग मशीन बंद पडल्यामुळे मी लवकर निघालो. अंगावर, डोक्यात कापसाचा फुफाटा तसाच. त्या घराच्या व्हरांड्यात पोचलो आणि खिडकीतून आत पाहिलं. अक्काची खाट रिकामी होती. खाली जमिनीवर गादी, गादीवर अक्का, डोळे मिटलेले, आणि तिच्या उशाशी बसलेली नर्स तिच्या ओठांत चमच्यानं काहीतरी घालत होती.

खाली घेतलं आहे आणि तोंडात पाणी घालतायत. आमच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. मला राग आला. मला कळवलं नाही! जे मी एकट्यानं करायचं होतं ते या परक्या लोकांनी माझ्या मागं उरकलं. मी आत गेलोच नाही. मनात एकच आलं, पांढरकवड्याहून माणसं यायला दोन तास लागतील, आधी निरोप गेला पाहिजे. मी उलट्या पावली रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि चुलतभावाला फोन केला. म्हटलं, "अक्काले खाली घेतलं."

"निघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तो भावकीतल्या सगळ्या मयती सांभाळणारा माणूस. त्याला दुसरा शब्द लागत नाही.

परत आलो, दारातच बसकण मारली आणि मोठ्यानं रडलो. रुग्ण माना वळवून पाहू लागले. तेवढ्यात खालून आवाज आला, "काय झालं बे? कोन मेलं?"

अक्का एका कोपरावर उठून माझ्याकडे पाहत होती. ओठांना ताक लागलेलं होतं. खाट उंच, कूस बदलताना पडेन की काय अशी तिला भीती वाटायची. शिवाय तिचं जन्मभराचं बसणं-झोपणं भुईवरचं. सकाळपासून ती म्हणत होती, मले खाली टाका. म्हणून चौघांनी चादरीसकट तिला खाली घेतलं होतं. मी धावत पुन्हा बूथवर गेलो. चुलतभावाच्या बायकोनं फोन उचलला. म्हणाली, "ते तं निंगाले भावजी. ट्रॅक्स भरून गेली. बांबूबी घेतले. तुमी धीर धरा."

मी येऊन अक्काला सांगितलं. मला वाटलं, आता ती मला चपलेनं मारायला सांगेल. ती हसायला लागली, आणि हसण्यानं कमरेत कळ आली तशी "नको बा, नको हासू मी" असं स्वतःलाच म्हणाली. मग म्हणाली, "येऊ दे. मेल्यावर आले असते तं मले कुठं दिसले असते?"

ते आले. फाटकापासूनच बायांनी गळा काढला. ट्रॅक्सच्या टपावर तिरडीचे बांबू बांधलेले, चुलतभावाच्या हातात मडकं. सगळ्यात पुढं माझी मावशी रडत आत शिरली आणि अक्काला गादीवर बसून पेरू खाताना पाहून तिचं रडणं तोंडातच अडकलं. "बस वं मावशे," अक्का म्हणाली, "चालूच ठेव. चांगलं रडून राह्यली होती."

यातली निम्मी माणसं तिच्या दुखण्यात एकदाही आली नव्हती. कॅन्सर लागतो, असा त्यांचा समज. आता मात्र ती तिच्या गादीभोवती दाटीवाटीनं बसली. कोणी पाय चेपले, कोणी जुन्या उधारीवाल्या ड्रायव्हरांची आठवण काढली. मावशी सांगू लागली की मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, आता तुला काही होत नाही. मी मात्र कोपऱ्यात उभा राहून वेगळंच पाहत होतो. पंचवीस-तीस माणसं न सांगता, आरडाओरडा करत आत घुसलेली. ही खरी तपासणी, हिच्यासाठी कोणाला चादरी बदलायला वेळ मिळाला नव्हता. प्रमुख बाहेर आले आणि बांबू आधी मागं लपवा म्हणून सांगू लागले, कोणी पाहुणे आले तर काय म्हणतील. नर्सनं सतरंज्या टाकल्या, बाकीच्या रुग्णांना त्रास नको म्हणून मधले पडदे ओढले आणि स्वयंपाकिणीला चहाचं मोठं पातेलं चढवायला सांगितलं. कोणीही कोणाला बाहेर काढलं नाही. जाताना स्वयंपाकिणीनं चुलतभावाला विचारलं, बांबू वापस नेता का, नाही तर मले दोडक्याच्या वेलाले होतील. त्यानं ते सोडून दिले.

त्या दिवशी मी मनात पहिल्यांदा म्हटलं की जागा बरी आहे. मोठ्यानं म्हटलं नाही.

होळीच्या आधी अक्काचं कमरेचं हाड आतल्या आत मोडलं. पडली नाही, धडपडली नाही, रोगानं पोखरलेलं हाड कूस बदलताना गेलं. मग गोळीची सुई झाली, औषध वाढलं, बोलणं कमी झालं. स्थिर पडलेली असली की चेहरा शांत असायचा. चादर नुसती सरळ करायला ओढली तरी तोंड वेडंवाकडं व्हायचं. मी एकदा नर्सला आठवण करून दिली, भुईवर घ्यायचं आहे. तिनं मान हलवली. ती मान हो होती की काय होती, हे मला कळलं नाही, आणि मी ते ध्यानात ठेवलं.

शेवटी नर्सचा फोन जिनिंगमध्ये आला, सकाळचाच. "आज या. घरच्यांनाही कळवा." मी चुलतभावाला निरोप ठेवला आणि मिळेल त्या ट्रकनं निघालो. वेळेत कळवलं, हे मी तिच्या बाजूनं मनात टिपून ठेवलं.

अक्काचे डोळे अर्धवट उघडे होते, श्वास थांबून थांबून येत होता. घोंगडी मी घरून आणली होती. ती खाटेजवळ अंथरली आणि म्हटलं, "दोघातिघांना बोलवा. घेऊ आता."

नर्स खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. म्हणाली, "भाऊ, त्यांनी मला नको म्हणून सांगितलंय."

"काय?"

"हाड मोडल्यावर मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, एक डाव घेतलं ना भुईवर मले मायाच भावानं फोनवर, सारं गाव रडून गेलं, आता दुसऱ्या डावा कायले. मले हालवू नका म्हणाल्या."

बोलणं अक्काचंच होतं. तसं दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. पण तीन महिने तिच्या उशाशी बसलेल्या बाईला सुचलंही असतं. मला का सांगितलं नाही अक्कानं? माझ्यासमोर तिनं हात हातात घेऊन उलट सांगितलं होतं. की मला सांगायला तिला लाज वाटली? की या बाईला फक्त उचलाउचल नको होती? मी आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे न पाहता मालात हात घालत आलो, आणि इथं हात घालायला काही नव्हतंच. मी अक्काच्या कानाशी वाकून विचारलं, "अक्का, भुईवर घेऊ?" तिनं डोळे हलवले नाहीत. मी तिच्या खांद्याखाली हात सरकवायला गेलो, तिच्या कपाळावर आठी आली आणि घशातून बारीक आवाज निघाला. मी हात काढून घेतला.

नर्सनं मला पटवायचा प्रयत्न केला असता तर मी तिघांना बोलावून अक्काला खाली घेतलंच असतं, याची मला खात्री आहे.

"राहू द्या," मी म्हटलं.

मी घोंगडीवर बसलो आणि अक्काचा हात धरला. दुपार कलता कलता तिचा एक श्वास बाहेर गेला आणि पुढचा आलाच नाही. कण्हली नाही, आठी नाही. खाटेवर गेली.

चुलतभाऊ आणि मंडळी तासाभरानं आली. या खेपेला रडणं खरं होतं. चुलतभावानं अक्काच्या पायावर डोकं ठेवलं, मग उठून मला बाजूला घेतलं आणि पहिलं तेच विचारलं, "खाली घेतलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडणाऱ्या माझ्या तोंडातून ते सरळ बाहेर पडलं.

त्यानं खाटेकडे पाहिलं. "मंग वर काहून?"

नर्स अक्काच्या केसांतला गुंता सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मीच ठेवलं परत वर. अंग पुसायला खाली वाकता येत नाही मला. घोंगडी आहे बघा तिथंच."

चुलतभावानं घोंगडीकडे पाहिलं, हात जोडले आणि तिला म्हणाला, "बाई, लय मोठं काम केलं तुमी." त्याच्या तोंडावरचा ताण उतरला. बायांमध्ये कुजबूज गेली, भुईवर गेली, चांगली गेली. अजूनही आमच्या भावकीत असंच सांगतात, आणि मी ते कधी खोडलेलं नाही.

पण त्या क्षणी मी नर्सकडे पाहत होतो. ती बाई किती सहज खोटं बोलली. आवाज हलला नाही, हातातला कंगवा थांबला नाही, पुरावासुद्धा जागच्या जागी दाखवला. मला वाचवायला बोलली हे मला कळत होतं, आणि त्याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. माणसं मला विचारायला येतात, ती जागा कशी आहे, आमच्या म्हातारीला ठेवावं का? मी सांगतो, ठेवा. टाचा साफ राहतात, दुखणं थांबतं, वेळेवर कळवतात. एवढं मी छातीठोकपणे सांगतो, कारण एवढं मी स्वतः तपासलेलं आहे. अक्का तिच्या मनासारखी गेली का, हे मात्र जगात एकाच बाईला माहीत आहे, आणि ती बाई माझ्यासाठी खोटं बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलेली आहे.